हातमोज्याचं माहेरपण

सांडशी वेळेवर सापडली असती तर माझ्या बहिणीचं बाळंतपण कुठं करायचं हा प्रश्न गोल्फच्या मैदानावर गेलाच नसता. पण आमच्या घरात सांडशी वेळेवर सापडल्याचं कुणाला आठवत नाही.

रविवारी दुपारी व्याही जेवायला आले होते. व्याही म्हणजे उदयसिंहराव, माझ्या बहिणीचे, अनुजाचे सासरे. पुण्यात राहतात. आयुष्यभर जमिनी घेतल्या आणि विकल्या, आता निवृत्त होऊन जमिनीवर नुसते चालतात, त्याला ते गोल्फ म्हणतात. कसबा बावड्याच्या पलीकडं उसाच्या फडांना लागून नऊ भोकांचं एक मैदान झालंय. तिथं सकाळी खेळून ते थेट आमच्याकडं आले, सोफ्यावर टोपी ठेवली, टोपीवर आपला हातमोजा नीट पसरून ठेवला आणि हात धुवायला गेले.

तेवढ्यात गॅसवरचा तांबडा रस्सा वर आला. माझ्या पप्पांनी, म्हणजे अण्णासोंनी, सांडशी शोधली, फडकं शोधलं, मग टोपीवरचा तो पांढराशुभ्र कातडी हातमोजा डाव्या हातात चढवला, उजव्या हाताला वर्तमानपत्र गुंडाळलं आणि पातेलं उतरवलं.

"लय भारी वस्तू हाय," पप्पा म्हणाले. "चटका म्हणून बसला न्हाय."

उदयसिंहराव टॉवेलला हात पुसत बाहेर आले तेव्हा हातमोजा परत टोपीवर होता. फक्त त्याची पाचही बोटं आता तांबडी होती आणि करंगळीला कोथिंबीर होती. त्यांनी हातमोज्याकडं बघितलं आणि ताटावर बसले. संस्कारी माणूस. रस्सा दोनदा घेतला, ताट स्वच्छ केलं, बडीशेप खाल्ली आणि मग बोलायला सुरुवात केली. विषय हातमोज्याचा नव्हता. विषय बाळंतपणाचा होता.

अनुजाला सातवा महिना, आणि ती आठवड्यापुरती आमच्याकडं आली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडं कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. पप्पांना तर ते जरा जास्तच ठरलेलं होतं. आई गेली अनुजाच्या लग्नाआधी. आईविना कसलं माहेर, हे वाक्य कुणी तोंडातून काढायच्या आत पप्पांना बाळंतपण करून दाखवायचं होतं. उद्यमनगरात त्यांचं लेथचं वर्कशॉप आहे. तिथलं भंगार साठवायची घरातली खोली त्यांनी रिकामी केली, तिला गुलाबी रंग दिला, छताला पाळण्याचा हूक ठोकला आणि हूक किती वजन धरतो हे बघायला स्वतः त्याला लोंबकळले. शेजारची माणसं खिडकीतून ते बघून धावत आली, तो वेगळाच विषय झाला.

उदयसिंहरावांनी मात्र पुण्यातल्या एका दवाखान्याचं माहितीपत्रक आणलं होतं. त्यात बाळांपेक्षा पडद्यांचे फोटो जास्त होते.

"अण्णासाहेब, स्पष्ट बोलतो, राग मानू नका," ते म्हणाले. "जो माणूस एक हातमोजा सांभाळू शकत नाही, त्याच्या हवाली मी माझा नातू कसा करू?"

"नात असली तर?" अनुजा म्हणाली.

"नातसुद्धा."

"मोजा आणि नातू एकच व्हय?" पप्पांनी विचारलं.

"काळजी ती काळजीच. गोल्फमध्ये माणूस कसा आहे हे त्याच्या हातमोज्यावरून कळतं. दोन फटक्यांच्या मध्ये तो काढायचा, पसरून वाळवायचा. चोळामोळा करून खिशात कोंबला की संपला. घाम मुरला की कडक होतो. उन्हात टाकला की तडकतो. चामडं नाजूक असतं."

"चामड्याचं आमास्नी सांगू नगा, पावणं," पप्पा म्हणाले. "ह्या गावात चामड्यावर चालूनच मोठं झालोय आम्ही."

"चालणं वेगळं. सांभाळणं वेगळं."

ह्यावर पप्पा पाणी प्यायले. मग अनुजा सोफ्यावरून म्हणाली, "मग उद्या पप्पांनी सांभाळून दाखवावं की. बाबा खेळतील, पप्पा मोजा बघतील. नऊ भोकं होईस्तोवर मोजा नीट राहिला तर बाळंतपण हितं. न्हाय राहिला तर पुण्यात."

कुणीतरी हसेल म्हणून मी वाट बघितली. दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं बघितलं आणि हात मिळवले.

मी अनुजाला स्वयंपाकघरात गाठलं. "तुला नक्की कुठं पाहिजे?"

"मला झोपाय पाहिजे," ती म्हणाली. "ही दोघं तांदूळ निवडल्यागत मला निवडाय लागलीत. एकदा काय ते होऊन जाऊ दे."

अनुजा पुण्यात 'मी येते' म्हणते. कोल्हापूरची हद्द लागली की 'मी येतो'. बाकी तिच्या मनात काय असतं ते आम्हाला दोन्हीकडं कळत नाही.

सोमवारी सकाळी आम्ही मैदानावर पोचलो. आम्ही म्हणजे पप्पा, अनुजा, मी आणि आक्काताई. आक्काताई ही पप्पांची थोरली बहीण, आमची आत्या. गल्लीतल्या निम्म्या माणसांना पहिली आंघोळ तिनं घातलीय. त्यामुळं गल्लीत नगरसेवकसुद्धा तिच्याशी मान वर करून बोलत नाही. तिनं त्याचं सगळं बघितलंय. येताना तिनं एक भली मोठी पिशवी आणली होती आणि ती कुणालाही हात लावू देत नव्हती.

मैदानावर फिरायला बॅटरीवर चालणारी एक छोटी गाडी मिळते. ती चालवायचं काम माझ्याकडं, सार्थककडं, आलं, कारण घरात एवढंच काम मी बिनचूक करतो असं सगळ्यांचं मत आहे. अनुजा माझ्या शेजारी बसली. पप्पा आणि आत्या मागं.

ऊन ऑक्टोबरचं होतं, म्हणजे सकाळीच डोक्यावर. उदयसिंहरावांनी पाकीट फोडून नवा हातमोजा काढला आणि अटी सांगितल्या. फटका मारायच्या वेळी मोजा त्यांच्या हातात. बाकी सगळा वेळ पप्पांकडं. शेवटच्या भोकावर तपासणी. मोजा कोरडा, सपाट, पांढरा आणि मऊ पाहिजे.

"चारीच्या चारी?" पप्पांनी विचारलं.

"चारीच्या चारी."

पहिला फटका बसला. चेंडू गेला कुठंतरी. उदयसिंहरावांनी मोजा काढून पप्पांपुढं धरला. पप्पांनी चपला काढल्या, पुढं झाले आणि दोन्ही हातांची ओंजळ करून मोजा घेतला. मग पिशवीतून स्टीलचं ताट निघालं, ताटात धुतलेला पंचा, पंच्यावर मोजा. ताट दोन्ही हातांवर घेऊन पप्पा चालायला लागले. पुढं काठी घेतलेले उदयसिंहराव, मागं ताट घेतलेले पप्पा, त्यांच्या मागं सावकाश आमची गाडी. लांबून कुणी बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं, मोज्याचं लग्न आहे आणि ही नवऱ्याकडची माणसं.

"गाडीत बसा ना," उदयसिंहराव म्हणाले.

"हादरं बसतील त्येला," पप्पा म्हणाले.

आमच्या मागून दोन माणसं खेळत येत होती. ती थांबली, मग अजून थांबली. शेवटी त्यांतला एक ओरडला, "ओ पावणं, पूजा हाय का खेळ?"

"दोन्ही हाय," पप्पांनी न वळता सांगितलं. "जरा दमानं या."

घोळ दुसऱ्या भोकावर झाला. वर्कशॉपमधून फोन आला. कुठल्यातरी शाफ्टचं माप चुकलं होतं. पप्पा फोनवर शिव्या द्यायला लागले. शिव्या द्यायला त्यांना एक हात मोकळा लागतो, म्हणून ताट माझ्याकडं आलं आणि मोजा, तीस वर्षांच्या सवयीनं, पप्पांच्या मागच्या खिशात गेला. फोन संपल्यावर ते दमून गाडीत बसले. मोज्यावर.

निघाला तेव्हा तो मनुक्यासारखा दिसत होता.

उदयसिंहराव पुढच्या फटक्याला काठी निवडत होते. पप्पांनी मोजा मांडीवर ठेवून चोळला. सुरकुत्या हलल्या, गेल्या नाहीत. गाडीच्या बोनेटवर ठेवावा तर ते तापलेलं. ताटावर दाबावा तर ताटाला मध्ये पोचा.

"आन हिकडं," अनुजा म्हणाली. तिनं मोजा घेतला आणि आपल्या पोटावर पसरला. मैदानात तेवढी एकच जागा होती, ऊबदार, गोल आणि सगळीकडून ताणलेली. तिनं एकेक बोट तळव्यानं सपाट केलं. "पप्पा, कडा धरा."

पप्पांनी कडा धरल्या. आणि मोजा उडाला. नीट सांगायचं तर मधलं बोट उडालं, खाली बसलं, परत उडालं.

उदयसिंहराव मोजा मागायला आले होते. ते तसेच हात पुढं करून उभे राहिले.

"पाय होता की हात?" त्यांनी विचारलं.

"पाय," आत्या म्हणाली. "डावा."

"डावा कसा कळला?"

"तुमास्नी चेंडू कुटं गेला ते कळतंय न्हवं? तसं."

परत मोजा उडाला. दोघं आजोबा वाकून बघत होते, डोकं डोक्याला लागेल इतके. मग मागच्या माणसांनी घसा खाकरला आणि उदयसिंहरावांना एकदम आठवलं की ते विरोधी पक्षात आहेत. त्यांनी मोजा उलटसुलट करून बघितला. एक सुरकुती नव्हती.

"ठीक आहे," ते म्हणाले. तोंड आंबट करून.

सपाटचं भागलं. पण कोरडं जमेना. उदयसिंहरावांच्या हाताला घाम फार. प्रत्येक फटक्यानंतर मोजा परत यायचा तो पावसातून आल्यासारखा. पप्पांनी पंच्यानं वारा घातला, फुंकर मारली, गाडीच्या छत्रीच्या काडीला लटकवून बघितला. मोजा दमट तो दमटच.

"बीपी तपासा एकदा," पप्पा म्हणाले. "एवढा घाम बरा न्हवं."

"मोज्यापुरतं बोला."

चौथ्या भोकापाशी आत्यानं ताटात हात घालून मोजा चाचपला आणि पप्पांकडं असं बघितलं, जसं पहिलटकरणीकडं बघतात.

"ओलं लेकरू असंच उघड्यावर ठेवत्यात व्हय रं आण्णा? सर्दी भरंल की त्येला. आन, मी बघतो."

तिथल्या कडुलिंबाखाली तिनं पिशवी सोडली. आतून एक लोखंडी शेगडी निघाली, झाकणाची, पप्पांनीच वेल्डिंग करून दिलेली. शेगडीत निखारे होते. घरापासून मैदानापर्यंत माझ्या गाडीत निखारे होते हे मला तेव्हा कळलं. आत्यानं निखाऱ्यांवर ओवा टाकला, शेपा टाकल्या, लसणाची सालं टाकली. धूर उठला. मोजा दोन बोटांत धरून तिनं धुरावर पालथा धरला, उताणा धरला, आत हवा शिरावी म्हणून मनगटाशी उघडून धरला, आणि तोंडानं बाळाशी बोलतात तसलं काहीतरी पुटपुटत राहिली.

धूर बघून मैदानाचे मॅनेजर धावत आले. बाळासो नाव, शिट्टी गळ्यात.

"मावशी, हितं चूल पेटवायची न्हाय. नियमात न्हाय."

"चूल कुटं हाय? धुरी हाय."

"धुरी पण न्हाय नियमात."

"नियमात धुरी न्हाय असं लिवलंय?"

बाळासो विचारात पडले. लिहिलेलं नसणार हे उघड होतं. "लिवलेलं न्हाय," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "मावशी, आमचं बारकं रात्रभर पाय आखडून रडतंय. चाळीस दिवसांचं हाय."

"पोट गच्च लागतंय?"

"गच्च."

"आदी दवाखान्यात दाखवा. धूर लेकराच्या नाकापाशी न्यायचा न्हाय आता, डॉक्टर वरडत्यात. मोज्याला नाक न्हाय म्हणून चाललंय."

बाळासोंनी मान डोलावली आणि शेगडीला वारा लागू नये म्हणून टोपी आडवी धरली.

मोजा परत आला तो खडखडीत कोरडा, जरा कोमट, आणि त्याला नुकत्या आंघोळ घातलेल्या बाळाचा वास. उदयसिंहरावांनी हातात घालायच्या आधी त्याचा वास घेतला. एकदा घेतला असता तर मी लिहिलं नसतं. दोनदा घेतला. मग काठी उचलली आणि मारली.

मला गोल्फमधलं काही कळत नाही. पण तो चेंडू असा गेला की मागच्या दोन माणसांनी टाळ्या वाजवल्या, आणि ती माणसं सकाळपासून आमच्यावर चिडलेली होती. उदयसिंहराव बराच वेळ चेंडू गेला त्या दिशेला बघत राहिले. मग मोजा काढून, आत्याकडं न बघता, हात मागं केला. आत्यानं मोजा घेतला.

पुढच्या भोकांवर तेच चाललं. फटका, धुरी, अनुजाचं पोट. फटका, धुरी, पोट. बाळासो मैदानाचं काम सोडून शेगडी उचलायला बरोबर आले. उदयसिंहराव असे खेळत होते की त्यांचा त्यांनाच विश्वास बसत नव्हता, आणि नेमकी तीच त्यांची अडचण होती. मोजा जितका चांगला, तितका खेळ चांगला. खेळ जितका चांगला, तितकं बाळंतपण कोल्हापूरच्या जवळ. सहाव्या भोकावर त्यांनी मुद्दाम वाईट मारायचा प्रयत्न केला असं मला वाटतं. चेंडू झाडाला लागून भोकाजवळ येऊन पडला.

सातव्यावर आत्या काजळाची डबी घेऊन त्यांच्याकडं गेली. "लय चांगलं चाललंय. दृष्ट लागंल."

"मोज्याला लावू नका. पांढरा राहिला पाहिजे."

"मोज्याला न्हाय वो. तुमाला."

उदयसिंहरावांनी इकडं तिकडं बघितलं आणि कान पुढं केला. पुण्यातला निवृत्त माणूस, कानामागं तीट लावून, पांढऱ्या पँटीत, परत फटका मारायला गेला.

पप्पांचे डोळे बारीक झाले होते. ते आनंदानं बारीक होतात. गुलाबी खोली त्यांना दिसायला लागली असणार. मला हळूच म्हणाले, "पडदं घ्यूया का रं? त्यांच्यात पडदं हुतं." आणि मग आठव्या भोकानंतर पप्पांनी ताटातला मोजा हातात घेऊन चाचपला, आणि त्यांचा चेहरा पडला.

एवढ्या धुऱ्या खाऊन मोजा पापडासारखा झाला होता. कोरडा होता, सपाट होता, पांढरा होता. मऊ नव्हता. बोट वाकवलं की करकर वाजायचं.

"आक्का, कडक झालाय."

"हुणारच की. आता काय करू नगंस. एकच भोक राहिलंय. हाय असा दे."

"मऊ पाहिजे म्हणालेत."

"चारातलं तीन हाय. माणूस चांगला हाय, सोडंल."

आत्या बाजूच्या झाडाखाली निखारे विझवायला गेली. पप्पा ताट घेऊन गाडीत बसले. आता पप्पांबद्दल एक सांगायला पाहिजे. जगातला कुठलाही प्रश्न त्यांच्या मते तेल कमी पडल्यामुळं आलेला असतो. दार वाजलं, तेल. सायकल वाजली, तेल. गुडघा वाजला, तेल. मला बारावीला मार्क कमी पडले तेव्हा डोक्याला तेल. आणि चामड्याचा तर प्रश्नच नाही. कोल्हापुरात नवी चप्पल चावली की तिला तेल पाजतात, रात्रभर मुरवतात, सकाळी ती लोण्यासारखी होते. इथं लहान पोरालाही हे माहीत असतं. चामडं कडक झालं आणि कोल्हापूरच्या माणसानं त्याला तेल लावलं नाही, असं होऊच शकत नाही.

आत्याच्या पिशवीत बाळाच्या मालिशचं तिळाचं तेल होतं. पप्पांनी तळहातावर घेतलं, दोन्ही हात एकमेकांवर घासून गरम केलं आणि सुरुवात केली. आधी अंगठा. मग एकेक बोट, बुडापासून टोकाकडं, हलक्या हातानं. मग तळवा, गोल गोल. करंगळीपाशी आले तेव्हा ते कुठल्यातरी दुसऱ्याच वेळी गेले होते. "तुज्या वेळेला तुजी आई मला हात लावाय द्यायची न्हाय," ते अनुजाला म्हणाले. "म्हणायची, लेथवाल्याचं हात, लेकराला चट्टं पडतील. आता बघ कसं जमतंय."

अनुजानं मोजा हातात घेऊन गालाला लावला. "मऊ झालाय खरं," ती म्हणाली.

त्या वेळी आम्हा तिघांच्याही डोक्यात हे आलं नाही की चप्पल पायात असते आणि मोज्यानं काहीतरी धरायचं असतं.

शेवटचं भोक. उजवीकडं उसाचा फड, डावीकडं उतार. उदयसिंहरावांनी सांगितलं की आता एक बरा फटका बसला तर आजवरचा त्यांचा हा सगळ्यात चांगला खेळ. मोजा त्यांनी घाईत चढवला, त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही, इतका त्यांचा आता आमच्यावर विश्वास बसला होता. पाय रोवले. कमरेतून वळले. काठी मागं गेली, वर गेली, सुंदर गोल फिरून खाली आली.

चेंडू होता तिथंच राहिला. काठी गेली. उंच, सावकाश, सूर्यात चमकत, गरगर फिरत ती उसाच्या फडात गेली आणि आतून कुणाच्या तरी म्हशीचा आवाज आला.

बाळासोंनी सवयीनं शिट्टी वाजवली.

उदयसिंहराव काठी नसलेल्या हातांकडं बघत होते. मग त्यांनी मोजा काढला. तो निघाला नाही, घसरून पडला. पिवळा पडला होता, बोटांवर उन्हात झळाळी आली होती. त्यांनी तो उचलला, दाबला, तेल बोटावर आलं.

"कोरडा नाही," ते म्हणाले. "पांढरा नाही. सपाट आहे." मग खरं बोलायची सवय असलेल्या माणसाच्या नाइलाजानं म्हणाले, "मऊ म्हणाल तर असा मऊ मोजा मी आयुष्यात हातात धरलेला नाही."

"दोन आलं, दोन गेलं," आत्या म्हणाली.

"चारही हवे होते."

पप्पांनी ताट खाली ठेवलं. "तेल मीच घातलं," ते म्हणाले. "हारलो पावणं." पप्पा वर्कशॉपमध्ये चुकलेला शाफ्टसुद्धा 'गिऱ्हाईकाचं मशीन वाकडं हाय' म्हणून खपवतात. त्यांच्या तोंडून 'हारलो' ऐकून आत्यानं त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. "पोरीला घिऊन जावा तुमी. दवाखाना चांगलाच असंल."

उदयसिंहरावांना जिंकल्याचा आनंद व्हायला पाहिजे होता. ते उसाकडं बघत होते.

अनुजा गाडीतून उतरली. कमरेवर हात ठेवून, पाय फाकवून, बदकासारखी चालत ती मधोमध येऊन उभी राहिली.

"मग ठरलं, बाबा. बाळंतपण पुण्यात. आत्या, तू कवा येतोस? मी म्हणतो, दिवाळी झाली की लगेच या दोघं."

"दोघं म्हणजे कोण?" उदयसिंहरावांनी विचारलं.

"आत्या आणि पप्पा. सासूबाई तर अमेरिकेत आहेत, नणंदबाईंच्या बाळंतपणाला. मग बाळ-बाळंतिणीचं माझ्या माणसांनीच बघायचं की. शेक, शेगडी, मालिश. सव्वा महिना तर धराच. पुढं बाळ मान धरीपर्यंत."

"कुठे राहतील?"

"घरात. तुमच्या खोलीशेजारची मोकळीच हाय."

पप्पांनी मान वर केली. चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. "मला चालतंय की. लेथ बंद ठिवतो. पावणं, तुमच्या हॉलला पाळण्याला हूक लागंल. ड्रिल मी घिऊन येतो."

"माझ्याकडे फॉल्स सीलिंग आहे."

"ते काढू या. वर स्लॅब असतोयच."

"आन शेगडी हॉलमध्येच ठिवाय लागंल," आत्या म्हणाली. "बाल्कनीत वारं लागतंय. सोफा कसला हाय तुमचा?"

"पांढरा," उदयसिंहराव म्हणाले. "चामड्याचा."

पप्पांनी ते ऐकलं आणि त्यांचे डोळे बारीक झाले. "कडक हाय का?" त्यांनी प्रेमानं विचारलं.

उदयसिंहराव गाडीत जाऊन बसले. टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. फडातून म्हैस एकदा ओरडली. ते बसून काय मोजत होते मला माहीत नाही, पण त्यांची नजर एकदा पप्पांच्या हातांवरून, एकदा शेगडीवरून, एकदा आत्याच्या पिशवीवरून फिरली. मग त्यांनी बाळासोंना विचारलं, "तुमचं बाळ कुठल्या दवाखान्यात झालं?"

"हितंच, स्टेशनाजवळ. चांगला हाय की. डॉक्टरीणबाई रात्री फोन उचलत्यात."

"पडदे?" पप्पांनी विचारलं.

"हायत. निळं."

उदयसिंहरावांनी मान हलवली. "अण्णासाहेब, खेळ मी जिंकलो, हे सगळ्यांना मान्य आहे?"

"मान्य हाय."

"मग जिंकणाऱ्यानं मोठेपणा दाखवावा. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हावं. रीत आहे."

पप्पा उभे होते तिथंच उभे राहिले. खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, मग रुमाल चुकून डोळ्यांकडं गेला. तेलाचा हात होता, डोळे चुरचुरले, त्यामुळं सगळ्यांची सोय झाली.

"मी महिन्यातून दोनदा येऊन बघून जाईन," उदयसिंहराव म्हणाले. "स्टेशनाजवळच एखादं हॉटेल घेईन."

पप्पांनी रुमाल खाली केला. "हाटील?"

"तुम्हाला त्रास नको."

"व्याही हाटिलात उतरणार? आन मी गल्लीत तोंड कुटं दाखवू?"

"दोन रात्रींचा प्रश्न आहे."

"दोन असू दे न्हायतर अर्धी. गुलाबी खोलीत बाळाशेजारी गादी घालतो तुमची. पावणं, हाटिलाचं नाव काढू नगा, सांगून ठिवतो."

"तुम्ही आता मला माझं राहण्याचं शिकवणार?"

दोघं बोलत बोलत काठी शोधायला उसात शिरले. उसाचे शेंडे हलत लांब जात राहिले आणि त्यांच्याबरोबर दोन्ही आवाज. अनुजा गाडीत येऊन बसली, सीटवर मान टाकली आणि डोळे मिटले.

"थांबायचं का त्यांच्यासाठी?" मी विचारलं.

"चल तू," ती म्हणाली. "ती दोघं यायला वेळ लागतोय."